‘मूळ चाल’ म्हणजे कोणती चाल?

अंबाजोगाईकडच्या एका शिक्षकांनी प्रश्न पाठवलाय. त्यांच्याकडे गीतस्पर्धा झाली. पत्रकात एक अट होती, ‘चाल मूळ असावी – १० गुण’. अकरावीतल्या एका मुलानं बोअर आटण्यावर स्वतः गाणं लिहिलं आणि गोंधळाच्या जुन्या चालीवर, संबळ घेऊन म्हटलं. परीक्षकांनी त्या दहापैकी शून्य दिलं, कारण चाल उचललेली आहे. मुलगा म्हणाला, “सर, हीच तर मूळ चाल हाय. मी कुठं बदलली?” सरांनी विचारलंय की शब्दाच्या अंगानं पाहिलं तर कोणाचं खरं?

सर, मुलाचं खरं आहे.

मूळ म्हणजे झाडाचं मूळ, आणि मराठीत हा शब्द जिथे जाईल तिथे मागेच पाहतो. मूळ गाव, मूळ मालक, मूळ प्रत, मूळ दुखणं. मूळ गाव आपण मागे सोडून आलेलो असतो. लातूर-बीड रस्त्यावर परवा पडलेल्या प्लॉटिंगला कोणी मूळ गाव म्हणत नाही. तसंच ‘मूळ चाल’ म्हटलं की मराठी कानाला ऐकू येतं ते हेच, की आधीपासून होती ती, बाकीच्या जिच्यावरून निघाल्या ती. तुळजापूरच्या आईचा गोंधळ ज्या चालीवर पिढ्यान्‌पिढ्या घातला जातो, तिच्याहून मूळ चाल मराठवाड्यात कुठली शोधायची?

पत्रक लिहिणाऱ्याच्या मनात ‘ओरिजिनल’ हा शब्द असणार. तो शब्द दोन्हीकडे तोंड करून उभा आहे. “ओरिजिनल कागदपत्रं आणा” म्हणताना तो मागे पाहतो, “कल्पना ओरिजिनल आहे” म्हणताना पुढे, कोणी न केलेल्या गोष्टीकडे. त्याच्या जागी ‘मूळ’ घातला आणि दुसरं तोंड गळून पडलं. अट होती नवेपणाची, छापली गेली जुनेपणाची.

‘मौलिक’ घातला असता तर? शब्द ‘मूल’ पासूनच आलाय आणि हिंदीत तो नवनिर्मितीसाठी धडधडीत चालतो. मराठीत मात्र त्याला ‘मूल्या’चा वास लागला. आपल्याकडे प्रत्येक कार्यक्रमात पाहुणे ‘मौलिक मार्गदर्शन’ करतात, म्हणजे मोलाचं. ‘मौलिक चाल’ वाचून स्पर्धकाला वाटेल, भारी चाल पाहिजे.

‘अस्सल’चं पाहा. अरबीतला ‘अस्ल’ म्हणजेही मूळच, झाडाचं मूळ. तो फारसी-उर्दूच्या वाटेनं मराठीत आला आणि मराठवाड्यात, जिथे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं आणि कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा, तो जरा जास्तच मुरला. त्याची जोडी ‘नक्कल’शी. हाही अरबीच, ‘नक्ल’ म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं, उतरवून घेणं. म्हणून तहसीलमध्ये ‘नक्कल काढायला’ गेलेला शेतकरी काही खोटं करत नसतो, शिक्का मारलेली प्रत मागत असतो. कागदाची नक्कल इमानदार आणि माणसाची नक्कल चेष्टेची, असे दोन अर्थ आपण एकाच शब्दात सुखानं वागवतो. परीक्षकांच्या मनात फक्त दुसरा होता.

आता ‘चाल’. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो हा शब्द. चालणे यावरून चाल. बैलाची चाल, बुद्धिबळातली चाल, ‘आमच्या घराण्यात तशी चाल नाही’ मधली चाल म्हणजे रीत, आणि गाण्याची चाल. रीत एकट्याची नसते, चार माणसं तिच्यावरून चालतात तेव्हा ती रीत होते. गाण्याच्या चालीतही हा अर्थ शिल्लक आहे, आणि चाल कोणाची, कशी आली, हे मराठी नामातून सांगत नाही, क्रियापदातून सांगते. संगीतकार चाल लावतो किंवा बांधतो, ती नवी. भजनकरी चालीवर म्हणतो, ती घेतलेली, पण सांगून. आणि ‘चाल उचलली’ म्हटलं की तो आरोप. घेणं आणि उचलणं यांत फरक एवढाच की घेणारा नाव सांगतो. भजनी मंडळांच्या वह्या उघडून बघा, पदाच्या डोक्यावर ‘चाल :’ लिहून पुढे जुन्या गाण्याची ओळ असते. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांतही पदांवर अशीच चाल नोंदलेली सापडते. पोवाड्यात तर मध्येच ‘॥ चाल ॥’ येतं, म्हणजे इथून गायची रीत बदलली. लपवाछपवी कुठेच नाही. त्या मुलानं तर संबळच पुढे ठेवला होता, मग त्यानं उचललं काय?

नवेपणा चालीतच असला पाहिजे हा आग्रह आपल्या भागात तरी फार जुना दिसत नाही. जात्यावरच्या ओव्या घ्या. ‘पहिली माझी ओवी गं’ ही सुरुवात ठरलेली, चाल ठरलेली, मग दुसरी ओवी, तिसरी ओवी. माझी आजी दळताना म्हणायची, तेव्हा शेजारीण विचारायची, “कोन्च्या चालीवर म्हणायलीस?” तिला चाल लागायची ती आपली ओवी त्यात बसवायला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांच्या ओव्या गोळा करण्याच्या प्रकल्पात अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, त्यांत आमच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्याही आहेत. त्यांनी चालीला हात लावला नाही. पहिल्या ओवीत जिथे देवाचं नाव यायचं तिथे भीमराय आणला. साचा जसाच्या तसा, आणि सांगणं असं की त्या जात्यावर पूर्वी कोणी सांगितलं नव्हतं.

उर्दूतली रीत याच मातीतली. तरही मुशायऱ्यात, म्हणजे ठरवून दिलेल्या ओळीवरच्या कविसंमेलनात, एक मिसरा म्हणजे शेराची एक ओळ देतात आणि सगळे शायर त्याच वृत्तात, त्याच काफिया-रदीफमध्ये, म्हणजे तेच यमक आणि त्यामागून येणारे तेच शब्द ठेवून, गझल बांधतात. या ठरलेल्या चौकटीला ते ‘जमीन’ म्हणतात. दुसऱ्याच्या जमिनीत गझल लिहिणं कमीपणाचं नाही, उलट तिथे तुमचा शेर वेगळा उठला तर दाद दुप्पट. अठराव्या शतकातले शायर सिराज औरंगाबादी ज्या परंपरेत लिहीत होते ती ही. एकाच मुलखातल्या दोन भाषा, एक म्हणते चाल, दुसरी म्हणते जमीन.

मग साचेबद्ध गाणं म्हणजे काय? ठेका तर सगळ्यांचाच सारखा. आपली बहुतेक लोकप्रिय गाणी आठ मात्रांच्या केरव्यात नाही तर सहा मात्रांच्या दादऱ्यात बसतात, मुखडा-अंतरा-मुखडा हा क्रमही तोच, आणि त्याला कोणी चोरी म्हणत नाही. बोलण्यात मात्र ‘तेच पालुपद लावलंय’ आणि ‘त्याची री ओढतोय’ ही दूषणं आहेत, आणि दोन्ही गाण्यातूनच आलीत. गाण्यात पालुपद हवंच असतं, कारण दर वेळी परत येताना मधल्या कडव्यानं त्याला नवा अर्थ दिलेला असतो. मधलं कडवं पोकळ असलं की परत येणं नुसतं फिरणं होतं. मला आजच्या मिरवणुकांतल्या गाण्यांचं वाईट वाटतं ते यासाठी. चाल घेतलेली आहे म्हणून नाही. चालीबरोबर वाघ, डरकाळी, नाद, रुबाब हे शब्दसुद्धा तयार डब्यातून येतात आणि गाणं कोणत्या महापुरुषाचं हे नाव बदलून ठरतं. ज्यांच्यावर गाणं आहे त्यांच्याबद्दल गाणाऱ्याला काय वाटतं, ते त्यात कुठेच नसतं. साचेबद्ध हा शब्द तिथे वापरावा.

एक गोष्ट वेगळी ठेवली पाहिजे. गोंधळाची चाल आणि सिनेमाची चाल एका तागडीत तोलू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगीतरचना आणि तिचे शब्द या दोन वेगळ्या कृती मानल्यात, संगीतरचनेच्या व्याख्येत शब्द येतच नाहीत. म्हणून सिनेमातल्या गाण्याचे शब्द बदलले तरी चालीवरचा हक्क संगीतकाराच्या हयातीत आणि त्याच्यानंतर ६० वर्षं राहतो. असं गाणं रेकॉर्ड करून विकायचं तर परवानगी लागते, नुसतं ‘चाल :’ लिहून भागत नाही. गोंधळाच्या पारंपरिक चालीला असा धनी नाही.

तेव्हा पुढच्या पत्रकासाठी, सर, ‘मूळ’ काढून टाका. तुम्हाला नवीच चाल हवी असेल तर ‘चाल स्पर्धकाने स्वतः बांधलेली असावी’ असं लिहा. ‘स्वतंत्र चाल’ही चालेल, पण ‘स्वतः बांधलेली’ हे अकरावीच्या पोराला एका वाचनात कळतं. आणि खाली एक ओळ घाला : ‘पारंपरिक चाल घेतल्यास ती कोणती ते सांगावे, अशा गीताचे गुण शब्दांना दिले जातील.’ यंदाचा निकाल अजून फलकावर लागला नसेल तर परीक्षकांपुढे तुमचंच छापील पत्रक ठेवा. त्यात ‘मूळ’ लिहिलंय, आणि मुलानं मूळ चालच म्हटली. ते दहा गुण त्याचे आहेत.