कामाच्या अनुभवावर क्रेडिट: सुरुवात कुठून करायची

ताई, इंदूरच्या सियागंजात एवढी वर्षं हिशेब सांभाळलेत, आता बी.कॉम. करायचं ठरवलंत हे फार चांगलं केलंत. एक गोष्ट आधीच पक्की करा: क्रेडिट (पदवीसाठी जमा करायचं शिक्षणाचं माप) नोकरीच्या वर्षांना मिळत नाही, त्यातून जे शिकलात त्याला मिळतं, तेही मूल्यमापन झाल्यावरच. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात (2023) 30 तासांच्या शिक्षणाला एक क्रेडिट धरतात.

बहुतेक जण हे शिकलेलं कागदावर मांडतानाच चुकतात. ‘अकाउंट्स बघते’ एवढंच लिहून मोकळे होतात. तुम्ही लिहा: 2017 ला जीएसटी आला तेव्हा व्हॅटचे हिशेब नव्या पद्धतीत कसे आणले, खरेदीची बिलं आणि जीएसटीआर-2बी (पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारं खरेदीचं विवरण) जुळेना तेव्हा फरक कसा शोधला. नमुने जोडा, व्यापाऱ्यांची नावं झाकून. मालकाच्या पत्रातही कामांची यादी हवी; ‘मेहनती आहेत’ एवढ्याने भागत नाही.

प्रवेशाआधी विद्यापीठाला लेखी विचारा:
- पूर्वशिक्षणाला, म्हणजे कामातून आधीच शिकलेल्याला, क्रेडिट देता का? (सगळीकडे ही सोय नाही.)
- कोणत्या विषयात, किती?

‘अनुभवावर थेट डिग्री’ विकणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

डिजिलॉकरमधून अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं उघडून ठेवा; मिळालेली क्रेडिट्स तिथे जमा राहतात. क्रेडिट ट्रान्सफरचे बारकावे नंतर बघू. पहिला मसुदा झाला की दाखवा, मी नक्की वाचेन.