यंत्र चालतं ठेव

प्रिय मुली,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आजोबांचा टाइपरायटर माळ्यावरून काढलास, पुसलास, त्याचे फोटो काढलेस आणि आता तुला प्रश्न पडलाय की याचं करायचं काय. एक जण म्हणतो, फिकट गुलाबी रंग मार, टेबलावर शोभेल. एका मैत्रिणीला त्याच्या गोल काचेच्या कळा हव्यात, अंगठ्या करायला. आणि तू मला विचारतेस, यातलं कमी वाईट काय.

दोन्ही नको. यंत्र चालतं ठेव.

हे मी कशाच्या जोरावर सांगतो ते ऐक. पंचविशीत माझ्या हाती एक जुना काळा टाइपरायटर आला. पुढच्या पत्र्यावर सोनेरी अक्षरं, कडेनं केसाएवढी सोनेरी रेघ. मला तो चकचकीत हवा होता. फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि चोळायला लागलो. आधी काळपट मळ निघाला, मग तपकिरी थर सुटायला लागला, तेव्हा मला वाटलं वर्षानुवर्षांची घाण निघतेय. फडकं उलटलं तर त्यावर सोनेरी पूड. चार अक्षरं पुसली गेली होती. तो तपकिरी थर लाखेचा होता आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, एवढं साधं मला ठाऊक नव्हतं. मग ती चूक झाकायला मी अख्ख्या यंत्रावर नवा रंग मारला. रंग सांध्यांत उतरला, कॅरेज, म्हणजे कागद घेऊन सरकणारा वरचा भाग, अडकलं, ते कायमचं. नऊ वर्षं तो टाइपरायटर कपाटावर देखणा दिसत बसला होता. पाहुणे कौतुक करायचे आणि मी विषय बदलायचो.

म्हणून तू 'नुसता ठेवला तरी किती सुंदर दिसतो' असं लिहिलंस तिथं मी थांबलो. सुंदर का दिसतो, हा प्रश्न डिझाइन शिकणाऱ्या मुलीला पडायला नको? 1874 मध्ये रेमिंग्टननं बाजारात आणलेलं शोल्स-ग्लिडन यंत्र बघ. ती कंपनी शिलाई मशीनही बनवायची, त्यामुळे त्याच्यावर शिलाई मशीनसारखीच फुलं रंगवलेली. पण अक्षरं कागद गुंडाळलेल्या रोलरच्या खालून आपटायची, त्यामुळे टाइप केलेलं लगेच दिसायचंच नाही, आणि उमटायची तीही फक्त कॅपिटल. 1890च्या दशकात अंडरवूड कंपनीनं अक्षरांचे दांडे पुढून आपटवले आणि ओळ डोळ्यांसमोर आली. आज 'जुना टाइपरायटर' म्हटल्यावर जो आकार तुझ्या मनात येतो, तो या सोयीतून आलेला आहे. फुलं मागे पडली, तो आकार राहिला.

अक्षरांचंही तसंच. प्रत्येक ठोक्याला कॅरेज तेवढंच सरकतं, साधारणपणे इंचाला दहा किंवा बारा अक्षरं. इंग्रजी 'आय'ला आणि 'एम'ला एकच जागा. म्हणून 'आय'च्या पायाला आडव्या पट्ट्या फुटल्या आणि 'एम' बिचारं अंग चोरून बसलं. तुला आवडतं ते टाइपरायटरी वळण एका दातेरी चाकाच्या चालीतून आलेलं आहे. हे चाक फिरताना तू बोटांनी अनुभवलं नाहीस तर ते वळण तुला नुसतं नक्कल करता येईल.

आणि नक्कल तू केलीच आहेस. टाइपरायटरी फाँटमधलं तुझं पोस्टर पाहिलं. त्यात इंग्रजी 'ई' सात वेळा आलंय आणि सातही ठिकाणी शाई एकाच जागी फुटलेली. खऱ्या यंत्रात खिळ्याचा, म्हणजे दांड्याच्या टोकावरच्या अक्षराच्या ठशाचा, तुटका कोपरा दर वेळी तसाच उमटतो, पण शाई तशीच्या तशी परत येत नाही. बोटाचा जोर बदलतो, रिबन पुढे सरकलेली असते. 1898 मध्ये फ्लोरा स्टेसी या बाईंनी टाइपरायटरवर फुलपाखरू काढलं: कंस, आडव्या रेघा, बिंदू, तारका. त्याची नक्कल फाँटमधून करून बघ आणि मग मला सांग.

देखण्या यंत्रांशी माझं वैर नाही, असं समजू नकोस. ऑलिव्हेटी कंपनीसाठी डिझायनर निझोलींनी केलेला 1950चा लेटेरा 22 टाइपरायटर हातात घेतला की मला अजून आनंद होतो. एवढा आटोपशीर, आणि त्यावर ती एकच लाल कळ. त्याच कंपनीचा 1969 चा लाल प्लास्टिकचा व्हॅलेंटाइन, सोट्सास आणि पेरी किंग या डिझायनरांचा, संग्रहालयांत जाऊन बसलाय. पण त्याच्या आत यंत्रणा लेटेरा 32चीच आहे, रोज काम करणारी. संग्रहालयाला काचेमागे ठेवणं भाग आहे. तुला नाही.

माझ्या घरात अकरा टाइपरायटर आहेत. लोक हट्ट म्हणतात, घरातले अडगळ म्हणतात. एकाला त्यातले दोन सजावटीसाठी भाड्यानं हवे होते, मी नाही म्हणालो. पैशांची गरज असतानाही नाही म्हणालो आणि आजही म्हणेन. अकराच्या अकरा चालतात. दर रविवारी एकेकावर एक पान टाइप होतं. त्या काळ्या टाइपरायटरसाठी आता मला काही करता येत नाही, यांच्यासाठी येतं. हे कुणाला वेडेपणा वाटलं तर वाटो.

आता कामाचं. दांडे जिथे अर्धवर्तुळात येऊन मिळतात त्या खाचांत तेल घालू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी. तेलावर धूळ बसते, चिकटा होतो आणि दांडा अर्ध्यावर अडतो. जुन्या टूथब्रशनं थोडं मिनरल टर्पेंटाइन लाव, खिडकी उघडी ठेवून, आणि रंगाला लागू देऊ नकोस. स्पिरिट तर दूरच ठेव. खिळ्यांच्या पोटातली वाळलेली शाई टाचणीनं हलकेच काढ. रोलरचं रबर दगडासारखं झालं असणार, म्हणून कागद एकाखाली एक दोन घाल. आणि मैत्रिणीला आजच नाही म्हणून टाक. एकदा कापलेली कळ परत बसवणं तुझ्या-माझ्या हातचं नाही.

मग मला पत्र लिही, त्याच टाइपरायटरवर. चुका खोडू नकोस, पान बदलू नकोस. कुठली कळ अडते, कुठलं अक्षर ओळीच्या वर जातं, ते मला त्या पानावरून कळेल आणि पुढचं काय करायचं ते मी कळवेन. रिबन वाळली असेल तर तिची रुंदी मोजून सांग. अर्धा इंच भरली तर माझ्याकडे एक नवी आहे, पाठवतो.

तुझा,
काका