सपाट रस्त्यावर ओझं नेणाऱ्या हमालाचं कार्य शून्य, मग तो दमतो कशाने?

तुमच्या नववीतल्या मुलाला हा प्रश्न पडला आणि शाळेत "पुस्तकात आहे तसं लिही" एवढंच उत्तर मिळालं, असं तुम्ही लिहिलंय. परीक्षेपुरतं सांगायचं तर शून्यच लिहायचं. कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन. ओझ्याला आधार देणारं बल वरच्या दिशेने, विस्थापन आडवं, दोन्हींत ९० अंशांचा कोन, म्हणून कार्य शून्य. गुण घ्यायचे आणि पुढच्या प्रश्नाला लागायचं. पेपर तपासणाऱ्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

पण हुज्जत आमच्या घरात झालेली आहे, आणि तीही भर पंगतीत. माझे वडील, अप्पा, सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल होते. हळदीची पोती. तेव्हा पोतं क्विंटलभराचं असायचं, आत्तासारखं पन्नास किलोचं नव्हे. दोघं दोन बाजूंनी पोतं उचलून द्यायचे, तिसरा वाकून पाठ द्यायचा, डोक्यामागे हात नेऊन पोत्याचे कान धरायचे आणि निघायचं. चाल आखूड आणि भरभर. गुडघा जरा जास्त वाकला की मांडीवर सगळा भार येतो, म्हणून पाय होता होईल तो ताठ. फळीवरून ट्रकमध्ये चढताना फळी खालीवर लवते, तिच्या तालातच पाऊल टाकावं लागतं, नाहीतर ती उलटा हिसका देते. आणि अप्पांना सगळ्यात नकोसं काय वाटायचं, तर पोतं पाठीवर असताना थांबणं. फळीवर पुढचा माणूस अडला की मागून त्यांच्या शिव्या सुरू. चालणं परवडलं, पण उभं राहणं नको.

आता आमचे साडू. इंजिनिअर आहेत, घरी आडतीचं दुकान आहे. एका साखरपुड्यात जेवताना हमालीचे दर वाढल्याचा विषय निघाला आणि त्यांनी आम्हाला भौतिकशास्त्र शिकवलं. म्हणाले, "शास्त्राने बघायला गेलं तर गाळ्यातून काट्यापर्यंत पोतं नेण्यात कार्य शून्य आहे. पैसे द्यायचेच तर ट्रकमध्ये चढवायचे द्यावेत." अप्पा समोर बसलेले. त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "मग पावणं, आम्ही खुळीच म्हनायची. सुन्नच हाय तर एकाच्या जागी दोन न्हेली असती की." पंगत हसली. साडूही हसले आणि म्हणाले, "अप्पा, फिजिक्स असं नसतं हो."

असंच असतं. अप्पा चौथी शिकलेले, पण त्यांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. दोन पोत्यांचंही उत्तर शून्यच येत असेल, तर ते उत्तर माणसाच्या दमण्याबद्दल काहीही सांगत नाही. ते पोत्याबद्दल सांगतं. पोत्यावर किती कार्य झालं, त्याच्याकडे ऊर्जा किती जास्तीची आली, एवढाच तो हिशोब. गाळ्यात होतं त्याच उंचीवर ते काट्यापाशी आलं, निघताना स्थिर होतं, पोचल्यावरही स्थिर, तर पोत्याच्या खात्यात जमा काही नाही. नेणाऱ्याच्या खात्यातून काय खर्च झालं, हे त्या हिशोबात कुठेच येत नाही. म्हणून "हमालाने केलेले कार्य किती?" असा प्रश्न पेपरात घालणाऱ्यांचा मला राग येतो. "पोत्यावर झालेले कार्य" असं लिहायला शाई जास्त लागत नाही.

तुमच्या मुलाचा दुसरा प्रश्न होता की, वस्तूच्या गतीत काही बदलच होत नाही तर बल आहे असं तरी का म्हणायचं. पन्नास किलोचं पोतं घ्या. गुरुत्व त्याला ४९० न्यूटन बलाने खाली ओढतं, हमालाची पाठ तेवढ्याच बलाने वर रेटते. दोन्ही बलं संतुलित, म्हणून गती बदलत नाही. पण संतुलित झाली म्हणून ती नाहीशी होत नाहीत. गतीचं प्रमाण बदलणं आणि दिशा बदलणं हे बलाचे परिणाम मुलांना पाठ असतात, पण आकार बदलणं हाही परिणामच आहे आणि तो इथे चालू असतो. पोतं पाठीच्या आकाराने बसतं, मणक्यांमधल्या चकत्या दबतात. तुम्ही-आम्ही नुसतं दिवसभर बसलो-उभे राहिलो तरी संध्याकाळी उंचीने सेंटिमीटरभर कमी भरतो. मग क्विंटलच्या पोत्याखाली काय होत असेल? अप्पांचा कंबरपट्टा अजून खुंटीला आहे.

आता दमण्याचं. पोतं लोखंडी टेबलावर ठेवलं तर टेबलही ४९० न्यूटन बल लावतं आणि वर्षभर दमत नाही. माणूस दमतो, कारण स्नायू हा टेबलाच्या पायासारखा नुसता ताठ उभा राहू शकत नाही. त्यात मायोसिनचे तंतू अ‍ॅक्टिनच्या तंतूंना धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात, आणि दर खेपेला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च होतो. भरलेली घागर विहिरीत अर्ध्यावर लोंबकळत ठेवायची आणि दोरावरचे हात मात्र सारखे बदलत राहायचे, तसा प्रकार. घागर जागची हलत नाही, पण हात भरून येतात. खर्च झालेल्या ऊर्जेची उष्णता होते, म्हणून पोतं धरून नुसतं उभ्या असलेल्या माणसालाही घाम फुटतो. त्यात चालताना शरीर दर पावलाला काही सेंटिमीटर वर जातं आणि खाली येतं, सोबत पोतंही. वर जाताना खर्च केलेलं खाली येताना पुरतं परत मिळत नाही. शिवाय निघताना पोत्याला वेग द्यावा लागतो आणि थांबताना तो रोखावा लागतो. त्या दोन्हींची पोत्याच्या खात्यात वजाबाकी होऊन शून्य होतं. स्नायूंना दोन्ही वेळा खर्च येतो.

मुलाला घरी करून दाखवायचं असेल तर दोन लिटरची पाण्याची बाटली हात आडवा ताणून धरायला सांगा. मग तीच बाटली खिळ्याला टांगा. बल तेच, विस्थापन दोन्हीकडे शून्य. खिळा तक्रार करणार नाही.

साडूंचं ते "चढवायचे द्यावेत" हेही करून बघू. क्विंटलचं पोतं सव्वा मीटर वर न्यायचं तर १०० गुणिले ९.८ गुणिले १.२५, म्हणजे १,२२५ ज्यूल. एक किलोकॅलरी म्हणजे ४,१८४ ज्यूल. अशी शंभर पोती, म्हणजे आख्खा दहा टनांचा ट्रक भरला, तरी पोत्यांच्या खात्यात सगळे मिळून सुमारे २९ किलोकॅलरी जमा होतात. तेवढ्याला ज्वारीची अर्धी भाकरीसुद्धा येत नाही. म्हणजे जिथे कार्य शून्य नाही तिथेही या आकड्याचा आणि मेहनतीचा मेळ बसत नाही. दर खेपेला हमाल स्वतःचं शरीरही वर चढवतो, ते यात धरलेलं नाही. स्नायू जाळलेल्या ऊर्जेतली जेमतेम पाव ऊर्जा कार्यात उतरवतात, बाकीची उष्णता होऊन जाते, तेही नाही. मी डिप्लोमा केला, कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला लागलो, तेव्हा हा हिशोब कागदावर मांडून साडूंना दिला होता. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. पुढे विषय काढला नाही.

एक गोष्ट त्यांच्या बाजूचीही आहे, ती सांगायला हवी. १९८६ साली केनियातल्या लुओ आणि किकुयू जमातींच्या बायकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डोक्यावर किंवा कपाळाला पट्टा लावून पाठीवर ओझं घेऊन चालण्याची लहानपणापासून सवय असलेल्या या बायका स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझं नेतात तेव्हा त्यांना रिकाम्या चालण्यापेक्षा जास्त प्राणवायू लागत नाही, असं त्यात दिसलं. म्हणजे ठराविक भारापर्यंत, सरावलेल्या शरीराला, सपाटीवर, ओझं जवळपास फुकटात नेता येतं. त्यापुढे मात्र भार वाढेल तसा खर्च वाढतो. साठ किलोच्या माणसाला पाचवा हिस्सा म्हणजे बारा किलो. अप्पांचं स्वतःचं वजन साठही नसेल आणि पाठीवर शंभर.

आणि हमाली कार्यावरच द्यायची असं कुणाला अजूनही वाटत असेल, तर त्याने ट्रक उतरवायचाही दर काढावा. पोतं खाली आणताना बल वर आणि विस्थापन खाली, म्हणजे हमालाने पोत्यावर केलेलं कार्य ऋण. सूत्र धरून बसायचं तर माल उतरवून झाल्यावर हमालानेच आडत्याला पैसे मोजायला हवेत.