‘मला ठाऊक आहे’ असे म्हणवत नाही तेव्हा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी मूळची नाशिकची, वय 39. शिक्षणासाठी अमेरिकेत आले, तेथेच चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या, म्हणजे सगळे ज्याला मॉर्मन म्हणतात त्या, पंथाचा बाप्तिस्मा घेतला आणि पंथातल्याच मुलाशी टेम्पलमध्ये, म्हणजे पंथाच्या खास मंदिरात, लग्न केले. त्याला 12 वर्षे झाली. आम्ही सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला राहतो. यांचे पूर्वज गाड्यांच्या तांड्यांबरोबर मैदाने ओलांडून यूटात आले होते. सासूबाई दोन गल्ल्या सोडून राहतात. गेल्या वर्षी चर्चच्याच संकेतस्थळावर पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या अनेक विवाहांवरचा लेख वाचला आणि माझ्या मनाची घडी विस्कटली. महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासाच्या दिवशी, एकेक जण उठून ‘हे चर्च खरे आहे हे मला ठाऊक आहे’ अशी साक्ष देतो, तेव्हा माझा घसा कोरडा पडतो. मी प्रायमरीत, म्हणजे चर्चच्या बालवर्गांत, सहा वर्षांच्या मुलांना शिकवते. माझी मुलगी येत्या ऑगस्टमध्ये आठ वर्षांची होईल, म्हणजे तिचा बाप्तिस्मा. मार्चमध्ये माझ्या टेम्पल रेकमेंडची, म्हणजे टेम्पलमध्ये जाण्याच्या परवान्याची, मुदत संपते. यांना मी यातले काहीच सांगितलेले नाही. सध्या आई आली आहे. रोज सकाळी तिच्यासाठी आले घालून चहा करते आणि त्या वासानेच डोळे भरून येतात. मी ढोंगी आहे का? हे कोणाला सांगावे?
— एक वाचक, यूटा

उत्तर : तुमचे पत्र मी तीनदा वाचले. मी स्वतः या पंथाची नाही, पण सॉल्ट लेकच्या खोऱ्यात मी नऊ वर्षे राहिले आहे आणि त्या लोकांचे माझ्यावर ऋण आहे. माझे यजमान रुग्णालयात होते तेव्हा सलग अकरा दिवस संध्याकाळी साडेपाचला दारावर टकटक व्हायची आणि कोणीतरी कापडात गुंडाळलेले गरम भांडे हातात देऊन, आत न येता, निघून जायचे. त्यांतल्याच एका शेजारणीने पुढे एकदा, गॅरेजमध्ये मुलांच्या सायकली लावता लावता, मला सांगितले की गेली चार वर्षे ती साक्ष द्यायला उठलेली नाही आणि हे तिने कोणाजवळही बोलून दाखवलेले नाही. म्हणून आधी एवढे सांगते, की रविवारी ज्या बाकावर तुम्हाला एकटे वाटते त्या बाकावर तुम्ही एकट्या नाही.

ढोंगी तो, ज्याला नसलेली श्रद्धा मिरवून काही पदरात पाडून घ्यायचे असते. तुम्ही भयाने गप्प आहात. त्या गप्प राहण्याची किंमत तुम्हीच मोजत आहात.

आता ‘ठाऊक आहे’ या शब्दाकडे येऊ, कारण मला वाटते की तुमची अर्धी घुसमट याच शब्दाची आहे. आपण मराठीत ‘आम्ही देव मानतो’ असे म्हणतो. ‘आम्हाला देव ठाऊक आहे’ असे म्हणणारा माणूस आपल्याकडे विरळा. मानण्यात आशा, आदर, घरचे वळण आणि थोडी शंकाही सामावते. यूटातल्या साक्षीच्या सभेत मात्र लहान मूल माइकपाशी उभे राहते आणि आई त्याच्या कानात वाक्य सांगते तेव्हाही ते ‘मला ठाऊक आहे’ हेच असते, त्यामुळे ज्याला एवढे म्हणवत नाही त्याला आपल्याजवळ काहीच उरले नाही असे वाटू लागते. ही सभेची रीत झाली. पंथाच्या ग्रंथात ती सक्ती नाही. ‘डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स’मधल्या 1831 सालच्या 46 व्या प्रकरणात आत्म्याची देणगी म्हणून काहींना जाणणे दिले आहे आणि काहींना त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणे दिले आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. मॉर्मनच्या पुस्तकात, या पंथाच्या दुसऱ्या धर्मग्रंथात, अल्मा नावाचा संदेष्टा तर केवळ विश्वास ठेवण्याची इच्छा असली तरी सुरुवातीला पुरे, असे सांगतो. तेव्हा ‘मी आशा धरून आहे’ हे वाक्य तुम्ही तुमच्याच ग्रंथाच्या आधाराने उच्चारू शकता. पुढे कधी उठावेसे वाटलेच, तर तोंडून खरे निघेल तेवढेच बोला, मग ते एकच वाक्य असले तरी चालेल. आणि नाही उठावेसे वाटले तर बसून राहा.

तुम्ही वाचलेला लेख ऑक्टोबर 2014 चा आहे. त्यात सांगितलेल्या गोष्टी, म्हणजे एका वधूला पंधरावे वर्ष पूर्ण व्हायला काही महिने होते, काही स्त्रिया आधीच विवाहित होत्या, या विरोधकांच्या कंड्या नाहीत. चर्चने स्वतःच त्या मान्य केल्या आहेत. त्या वाचून पोटात गोळा आला तर तो विवेकाचा आहे, त्याला पापाची शंका समजू नका. बहुपत्नीत्व 1852 मध्ये उघडपणे जाहीर झाले आणि 1890 च्या जाहीरनाम्याने ते मागे घेण्यास सुरुवात झाली. कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद नाकारण्याचा नियम 1978 पर्यंत टिकला, आणि त्यामागची जुनी समर्थने चर्चने पुढे नाकारली. चर्चच्या 2013 च्या ऑक्टोबर अधिवेशनात तेव्हाचे एक ज्येष्ठ नेते डीटर उख्टडॉर्फ यांनी श्रद्धेवर शंका घेण्याआधी आपल्या शंकांवर शंका घ्या, असे सांगितले, आणि ते वाक्य तुम्हाला शेकडो वेळा ऐकवले गेले असेल. त्याच भाषणात त्यांनी चर्चच्या सदस्यांच्या आणि नेत्यांच्याही हातून चुका झाल्या आहेत, हेही मान्य केले होते. तुम्हाला पहिले वाक्य ऐकवणाऱ्यांनी दुसरेही ऐकवायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडचे एक उदाहरण मला येथे आठवते. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये, वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर त्रैक्यापासून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीपासून) चर्चच्या अधिकारापर्यंत अनेक बाबतींत आपल्या ख्रिस्ती मार्गदर्शक स्त्रियांशी पत्रांतून निकराने वाद घातला. आज्ञाधारकपणाची अपेक्षा त्यांनी मानली नाही, आणि ख्रिस्तालाही सोडले नाही. नवा धर्म स्वतः निवडणाऱ्या बाईला नंतर प्रश्न विचारण्याचा हक्क उरत नाही, असे तुम्हाला कोणी भासवत असेल तर ते खोटे आहे.

सांगावे कोणाला, तर आधी यजमानांना. बिशपांना, म्हणजे तुमच्या स्थानिक मंडळीच्या प्रमुखांना, नंतर, आणि गरज वाटली तरच. तुमचे बिशप दिवसा आपली नोकरी किंवा व्यवसाय करून, काही वर्षांपुरते, पगाराविना हे काम पाहणारे गृहस्थ असणार. ते कनवाळू असतील, पण समुपदेशनाचे शिक्षण त्यांना असेलच असे नाही, आणि शंका हे कबुलीजबाब देण्याजोगे पातकही नाही. यजमानांशी बोलताना एक गोष्ट विसरू नका. टेम्पलमध्ये झालेले तुमचे लग्न त्यांच्या श्रद्धेनुसार मृत्यूनंतरही टिकणारे आहे, आणि ते दोघांनी करार पाळण्यावर अवलंबून आहे. त्यामुळे ‘मला शंका आहे’ हे तुमचे शब्द त्यांच्या कानावर ‘मी अनंतकाळासाठी तुला सोडून चालले आहे’ असे पडण्याची फार शक्यता आहे. म्हणून लेख, तारखा, स्मिथ यांच्या पत्नींची संख्या, यांतले काहीही पहिल्या दिवशी काढू नका. मुलगी झोपल्यावर, शनिवारी नव्हे (दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी भेटायची असतात), मधल्या एखाद्या वारी त्यांच्याजवळ बसा आणि पहिले वाक्य ‘मी कुठेही जात नाही’ हेच असू द्या. मग या वर्षभरात तुम्हाला कसे वाटले तेवढे सांगा. ते घाबरतील, कदाचित रागावतील, सासूबाईंना सांगू का असेही विचारतील. त्यावर ‘आत्ता नको’ म्हणण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

रेकमेंडच्या बाबतीत मी थोडी कठोर होणार आहे. ते नव्याने मिळवण्यासाठी जी मुलाखत होते तीत श्रद्धेविषयी, दशमांशाविषयी (उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देण्याविषयी), चहा-कॉफी-मद्य-तंबाखू वर्ज्य करणाऱ्या नियमाविषयी आणि प्रामाणिकपणाविषयी थेट प्रश्न असतात. केवळ घरात प्रश्न निघू नये म्हणून तेथे खोटी उत्तरे देऊ नका. त्या खोटेपणाची बोच तुम्हाला मूळ शंकेपेक्षा जास्त छळेल. ‘विश्वास ठेवण्याची माझी इच्छा आहे आणि मी झगडते आहे’ हे उत्तर त्या खोलीत देता येते. तेही देववत नसेल तर मार्चमध्ये मुदत संपू द्या. रेकमेंड नसले तरी रविवारच्या सभेला येण्यास कोणी अडवत नाही. येशूच्या स्मरणार्थ दिले जाणारे भाकरीचे तुकडे आणि पाण्याचे इवलेसे पेले घेऊन पांढऱ्या शर्टातली बारा-तेरा वर्षांची मुले जेव्हा रांगेत तबक फिरवतात, तेव्हा शेजारीण तिरक्या नजरेने पाहील की नाही याचा विचार न करता, घ्यावेसे वाटले तर घ्या.

प्रायमरीचा वर्ग सोडण्याची घाई नको. सहा वर्षांच्या मुलांना येशूने मुलांना जवळ बोलावले ही गोष्ट सांगताना तुम्हाला खोटे बोलावे लागत नाही. ज्या धड्यात लागेल असे वाटते तो सहशिक्षिकेला द्या, आणि असे धडे वाढत गेले तर जबाबदारीतून मुक्त करण्याची विनंती करा. लेकीचे मात्र दोघांनी मिळून ठरवायचे आहे, यजमानांशी बोलणे झाल्याशिवाय नाही. ती पांढऱ्या कपड्यांत वडिलांचा हात धरून पाण्यात उतरणार असेल, तर त्याआधी तिला आईच्या तोंडून इतके कळलेले असावे की बाबा हे मनापासून मानतात, आईच्या मनात काही प्रश्न आहेत, आणि मोठेपणी तिलाही प्रश्न पडले तर या घरात ते विचारता येतील.

राहिला चहा. आईसाठी तो करण्यात कोणताही नियम मोडत नाही, खुशाल करा. पण शंकेची पहिली परीक्षा म्हणून यजमानांच्या पाठीमागे स्वतः घोट घेऊ नका; घ्यायचा असेल त्या दिवशी त्यांच्यासमोर घ्या. आईलाही सगळे इतक्यात सांगू नये असे मला वाटते, कारण ‘मी तेव्हाच सांगत होते’ हे वाक्य तिच्या ओठांवर तयार असेल आणि ते ऐकण्याचे बळ आज तुमच्यात नाही. उद्या सकाळी तिच्या हाती कप द्या, समोर खुर्ची ओढून बसा, आणि डोळे का भरले असे तिने विचारलेच तर ‘नाशिकची आठवण आली’ म्हणा. तेही खरेच आहे.