वाचकांचे प्रश्न : धावून आल्यावर नेम का ढळतो?

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी लेझर रनचा (आलटून पालटून धावणं आणि लेझर पिस्तुलाने नेमबाजी) सराव करते. नुसतं उभं राहून सहा-सात शॉटमध्ये पाच लागतात. ६०० मीटर धावून आली की बारा-तेरा शॉट घ्यावे लागतात. हात थरथरतो म्हणते. हात स्थिर कसा होईल? (बाणेर, पुणे)

उत्तर : हात स्थिर करण्याच्या मागे लागू नका. इतक्या धडधडीत तो हलणारच, आणि थोडा हलला तरी चालतो. लक्ष्य १० मीटरवर, व्यास ५९.५ मिमी. पिस्तुलाच्या दोन्ही साइट (नेम धरायचं पुढचं टोक, म्हणजे फ्रंट साइट, आणि मागची खाच) एका रेषेत ठेवून अख्खा हात एक सेंटिमीटर सरकला, तर शॉटही एकच सेंटिमीटर सरकेल, म्हणजे लक्ष्यातच. पण फ्रंट साइट मागच्या खाचेत फक्त १ मिमी बाजूला गेली, तर (दोन साइटमधलं अंतर ३३ सेंमी धरून) शॉट ३० मिमी सरकतो आणि लक्ष्याच्या कडेबाहेर जातो. दमलेल्या खेळाडूचं मनगट ढिलं पडतं, नजर लक्ष्यावर जाते आणि शॉट तिथेच हुकतात. म्हणून मनगट घट्ट, नजर फ्रंट साइटवर. लक्ष्य धूसर दिसलं तर दिसू दे. लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाच्या मध्यभागात साइट तरंगत असतानाच ट्रिगर सरळ मागे, सारख्या दाबाने. ‘आत्ता बरोबर मध्ये आलं’ म्हणून बोट झटकलं की उजव्या हाताच्या नेमबाजाचा शॉट डावीकडे खाली जातो.

श्वास रोखून धरायची सवय असेल तर ती आधी मोडा. धावल्यावर तीन-चार सेकंदांपलीकडे रोखलेला श्वास नजर अंधुक करतो. शेवटचे ४०-५० मीटर पावलं आखूड करून श्वास लांब सोडत यावं. टेबलाशी पाय रोवले की एक पूर्ण उच्छ्वास, मग हात वर. अर्धा श्वास सोडून दोन-तीन सेकंदांत शॉट. नाही झाला तर हात खाली घेऊन पुन्हा. पाच हिटसाठी ५० सेकंद असतात आणि शॉटची मर्यादा नसते, त्यामुळे एक शॉट सोडून दिल्याने फारसं बिघडत नाही. घाईचा पहिला शॉट मात्र पुढचे दोन बिघडवतो.

पायांची जागाही तपासा. डोळे मिटून हात उचलायचा, मग उघडायचे. पिस्तूल बाजूला दिसलं तर मागचा पाय सरकवायचा. मनगट वळवून दुरुस्ती नको.

सराव चढत्या क्रमाने : आठवडाभर कोऱ्या भिंतीकडे रोज दहा मिनिटं ड्राय फायर (प्रत्यक्ष शॉट न मारता ट्रिगर ओढण्याचा सराव), मग १०० मीटर धावून पाच हिट, मग ३००, मग ६००. वहीत सेकंद आणि लागलेले शॉट दोन्ही लिहा. ३०० मीटरला आठ शॉटच्या आत येईपर्यंत अंतर वाढवू नका.

प्रश्न : प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये (फिरत फिरत अनेक लक्ष्यांवर नेम साधण्याचा प्रकार) चालता चालता शॉट घेताना साइट वर-खाली उडते. तळजाई टेकडीवर चालून सराव करावा का? (सहकारनगर, पुणे)

उत्तर : टेकडीवर अजिबात नको. रिकामं पिस्तूलही लोकांना खरंच वाटतं. घरी पाण्याचा अर्धा भरलेला पेला दोन्ही हातांत छातीसमोर धरून चाला : गुडघे किंचित वाकलेले, पाऊल नेहमीच्या निम्मं, टाच आधी आणि मग तळवा टेकवत. पाणी हिंदकळणं थांबलं की कमरेवरचं शरीर शांत झालं. मगच रेंजवर, प्रशिक्षकासमोर, आधी रिकाम्या पिस्तुलाने. पावलाच्या ठेक्यावर ट्रिगर ओढू नका. तो दाब चालण्यापासून वेगळा, सलग हवा. लक्ष्य लहान किंवा लांब असेल तर थांबून मारणंच फायद्याचं. दोन लक्ष्यांमधून जाताना बोट ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या) बाहेर. नळी ठरवलेल्या सुरक्षित कोनाबाहेर, म्हणजे साधारणपणे समोरच्या दिशेपासून ९० अंशांपलीकडे वळली, तर स्पर्धेतून थेट बाद व्हाल.