वाचक विचारतात : सेमिनरी, पदवी आणि दीक्षा

प्रश्न : चर्चच्या मंडळीत वडील (एल्डर) म्हणून सेवा करतो. नोकरी न सोडता ईश्वरविज्ञान शिकायचं आहे. एका वर्षात ऑनलाइन ‘डॉक्टरेट’ देणारी जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर आली आहे. प्रवेश घ्यावा का? – एक वाचक, भांडुप

उत्तर : घेऊ नका. पदवी कोणी द्यायची हे यूजीसी कायदा, १९५६ च्या कलम २२ मध्ये ठरलेलं आहे : कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था. जाहिरातदार यात कुठे बसतो, ते त्याच्याकडून लेखी मागा. बहुधा उत्तरच येणार नाही.

सेरामपूरचं (अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं हुगळीकाठचं) तसं नाही. १८१८ च्या सेरामपूर कॉलेजला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने पदव्यांची सनद दिली, पुढे १९१८ चा बंगालचा कायदा झाला. पुण्यात बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी (सेमिनरी म्हणजे पाळक आणि धर्मगुरू घडवणारी संस्था) याच कॉलेजच्या सेनेटशी, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाशी, संलग्न आहे. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता ही दर्जाची पारख आहे, सरकारी मान्यता नव्हे. तिच्या जोरावर मंडळीत काम मिळू शकतं. बँकेतली बढती किंवा बी.एड.चा प्रवेश मिळेल असं मात्र धरून चालू नका.

आणि कोणत्याही पदवीने माणूस आपोआप पाळक (पास्टर) होत नाही. पाळकपदाची दीक्षा बिशप किंवा तुमच्या पंथाचे वरिष्ठ देतात, आणि उमेदवार आधी मंडळीच्या शिफारशीने पुढे जावा लागतो. पुष्कळजण उलट करतात : स्वखर्चाने शिकतात, मग दीक्षा मागतात, आणि ‘तुम्हाला पाठवलं कोणी?’ हा प्रश्न ऐकून खट्टू होतात. तेव्हा फी भरण्याआधी पाळकसाहेबांशी बोला.

दीक्षा नको, शिकायचंच असेल तर विस्तार पद्धत बघा. १९६३ च्या सुमारास ग्वाटेमालात प्रेस्बिटेरियन सेमिनरीने ती सुरू केली, कारण खेड्यातले जाणते पुढारी घरदार सोडून वसतिगृहात येऊ शकत नव्हते. भारतात बंगळुरूची ‘टॅफटी’ ही विस्तार-शिक्षणाची संस्था हेच काम करते. घरी अभ्यासपुस्तिका, ठरावीक दिवशी मार्गदर्शकासोबत बैठक, आणि शिकलेलं मंडळीत करून पाहणं. आठवड्याला पाच-सहा तास बाजूला काढा. मुंबईत पहिली ढासळते ती बैठक. एक ठाण्याहून, एक बोरिवलीहून, एक पनवेलहून असा गट कामाच्या दिवशी संध्याकाळी जमणार कसा? एकाच रेल्वेमार्गावरचे सहा ते दहाजण घ्या आणि रविवारी उपासनेनंतर बसा. नव्या कराराची मूळ भाषा म्हणून ग्रीक घेतलीत तर शब्द लोकलमध्ये पाठ होतील. क्रियापदांची रूपं वहीत लिहूनच बसतात. रोजचा अर्धा तास चुकला की गाडी तिथेच अडते.

प्रश्न : परदेशात सेमिनरी बंद पडत आहेत म्हणे. आपल्याकडेही तेच होणार? – एक वाचक, दादर

उत्तर : मुंबईशी नातं असलेलंच उदाहरण घ्या. १८१३ मध्ये इथे अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू करणारे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट अँडोव्हर सेमिनरीत शिकलेले. तिचीच वारस असलेली अँडोव्हर न्यूटन २०१७ मध्ये आपला परिसर सोडून येल विद्यापीठाच्या आसऱ्याला गेली. मोठा परिसर, कमी विद्यार्थी, न परवडणारी देखभाल.

आपल्याकडे अडचण पैशाच्या वाटेची आहे. पाळकाच्या पगाराकडे पाहून फी लावावी लागते, त्यात सेमिनरी चालत नाही. बाहेरून येणाऱ्या मदतीवर एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने तीन बंधनं आणली : प्रशासनावरचा खर्च ५० ऐवजी २० टक्क्यांपर्यंत, पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात, आणि एका संस्थेने दुसरीला तो पुढे द्यायचा नाही. शेवटचं सर्वांत जाचक. मोठ्या संस्थेमार्फत मदत घेणाऱ्या छोट्या बायबल शाळांची नळीच त्यामुळे बंद झाली. आता त्यांच्यापुढे एकत्र येणं किंवा स्थानिक मंडळ्यांच्या दानावर उभं राहणं, एवढंच आहे. आम्हाला पहिला मार्ग शहाणपणाचा वाटतो : ग्रंथालय एक, हिब्रूचे शिक्षक एक, वर्ग दोन-तीन पंथांचे. पण आपापल्या नावाची पाटी उतरवायला कोणी पटकन तयार होत नाही.

प्रश्न : भाचा बारावीनंतर फादर व्हायचं म्हणतो. किती वर्षं लागतील? – एक मावशी, वसई

उत्तर : कॅनन कायद्याप्रमाणे (कॅथोलिक चर्चचा स्वतःचा कायदा) किमान दोन वर्षं तत्त्वज्ञान आणि चार वर्षं ईश्वरविज्ञान. व्हॅटिकनच्या २०१६ च्या नियमावलीने त्याआधी किमान एक वर्षाचा पूर्वतयारीचा टप्पा सक्तीचा केला, आणि अभ्यासानंतर दीक्षेपूर्वी धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) कामाचा काळ ठेवला. पूर्वतयारीत प्रार्थना, शिस्त आणि स्वतःची ओळख यांवर भर असतो. न जमणारा मुलगा सात वर्षांनी परतण्याऐवजी वर्षभरात परततो, हे सगळ्यांच्याच हिताचं. कॉलेजची पदवी आधी करायची की मधे, हे धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला विभाग) ठरवतो. पंचविशीपूर्वी धर्मगुरूपदाची दीक्षा साधारणपणे होत नाही, त्यामुळे घाई करून फायदा नाही. गोरेगावचं सेंट पायस टेन्थ कॉलेज ही मुंबई महाधर्मप्रांताची सेमिनरी आहे. वसई १९९८ पासून स्वतंत्र धर्मप्रांत आहे, म्हणून आधी तुमच्या धर्मग्रामाच्या फादरांना भेटा.