कुपोषित मुलांबद्दल ख्रिस्ती माणसाची जबाबदारी किती?

सलाम. तुम्ही विचारलंय की गरीब देशांत इतकी मुलं कुपोषणाने मरतात, त्यात ख्रिस्ती म्हणून आपली काही वेगळी जबाबदारी आहे का. तुमच्या जळगावच्या युवकसंघात काहीजण म्हणतात, मंडळीने, म्हणजे चर्चने, आत्म्याचं बघावं, पोटाचं सरकार बघेल. मी नंदुरबारच्या नवापूर तालुक्यातली, मावची आदिवासी, नर्सची नोकरी करून निवृत्त झालेली. जबाबदारी आहे, आणि बरीच आहे. फक्त आपण ती भलत्याच ठिकाणी पार पाडत बसतो.

शास्त्राचं आधी उरकते. मत्तयच्या 25व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी विचारणा होते ती भुकेल्याला खायला दिलं का, आजाऱ्याकडे गेलात का, याची. आणि उघड्या-उपाशी माणसाला नुसतं 'सुखाने जा' म्हणून वाटेला लावणाऱ्याची याकोबाने चांगलीच हजेरी घेतली आहे. एवढं वाचूनही ज्याला वाद घालायचाय त्याने घालावा.

आता पोटाचं. 2022 साली जगात पाच वर्षांखालची सुमारे 14 कोटी 80 लाख मुलं खुरटलेली, म्हणजे वयाच्या मानाने बुटकी होती. या वयात जे मृत्यू होतात त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत कुपोषणाचा हात असतो. गरीब देश म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आफ्रिका येते, पण 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली निम्म्याहून जास्त मुलं कमी वजनाची निघाली. अख्ख्या महाराष्ट्राचा आकडा 36 टक्के होता. आणि इकडे रावेर-यावलची केळी ट्रकच्या ट्रक भरून उत्तरेत जातेय.

बाहेरच्या माणसाला वाटतं, घरात दाणा नसेल. तसंही असतं, पण बऱ्याच घरांत भाकरी असते, डाळ असते, आणि पोर तरी वाळत जातं. आठ किलोच्या लेकराच्या पोटात एका वेळी पाव लिटरच्या आसपासच मावतं. त्यात आई भरते काय, तर पातळ पेज, नाहीतर डाळीचं वरचं पाणी, कारण 'दाट डाळ बाळाला जड पडते' असं सासूने सांगितलेलं असतं. पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. तळाची डाळ कुस्करून, त्यात भाकरी चुरून, वर चमचाभर तेल घातलं तर तेवढ्याच वाटीत दुप्पट ताकद जाते. मग पावसाळ्यात जुलाब लागतात, ताप येतो, आणि कमावलेलं वजन आठवड्यात उतरतं. जुलाबाला ओआरएस आणि 14 दिवस झिंकची गोळी, एवढा स्वस्त इलाज आहे, पण घरी आणलेल्या गोळ्या तिसऱ्या दिवशी कोनाड्यात जातात. त्याच्याही मागे आई असते: सतराव्या वर्षी लग्न, अंगात रक्त कमी, बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत शेतात. हे आपल्या ख्रिस्ती घरांत होत नाही असं कोणी म्हणू नये. वेदीपुढे उभ्या राहिलेल्या नवरीचं वय पाळकांनी कागदावर बघायला नको का?

तुम्हाला पाड्यावर जायचंच असेल तर अंगणवाडी सेविकेबरोबर जा आणि ती दंडघेर कसा घेते ते बघा. डाव्या दंडाच्या मधोमध रंगीत पट्टी गुंडाळायची. सहा महिन्यांवरच्या मुलाचं माप 11.5 सेंटीमीटरच्या आत, म्हणजे लाल पट्ट्यात आलं, की ते तीव्र कुपोषित. मग दोन्ही पावलांवर अंगठ्याने थोडा वेळ दाबायचं. अंगठा काढल्यावर खळगा तसाच राहिला तर वजनाचा काटा काहीही म्हणो, ते मूल धोक्यात आहे. अशी मुलं गुबगुबीत दिसतात, आणि 'बघा, किती छान!' म्हणून त्यांचेच फोटो काढले जातात.

अशा मुलाला दया येऊन एकदम पोटभर जेवू घालू नका. त्याचं शरीर इतकं मंदावलेलं असतं की एकदम आलेलं अन्न त्याला झेपत नाही, जिवावर बेततं. दवाखान्यात म्हणूनच दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, मोजून थोडं थोडं खास दूध देतात. नाताळचा केक आणि बिस्किटाचे पुडे वाटणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

खरी अडचण पुढे आहे. अशा मुलांना भरती करतात त्या बाल उपचार केंद्रात आईला मुलासोबत साधारण 14 दिवस राहावं लागतं. औषध, जेवण फुकट असतं, बुडीत मजुरीही मिळते, पण खात्यावर, आणि बहुतेकदा उशिरा. घरी आणखी दोन लेकरं, बकऱ्या, म्हातारी सासू. पाचव्या दिवशी नवरा येतो आणि आईला मुलासकट घेऊन जातो. मला त्याचा रागही यायचा आणि त्याचं पटायचंही. मंडळीचं काम मला इथे दिसतं. कोणीतरी त्या घरी भाकऱ्या टाकाव्यात, बकऱ्या चारून आणाव्यात, मजुरीचे पैसे त्या दिवशीच हातात द्यावेत. याची अहवालात ओळसुद्धा येणार नाही, म्हणूनच फारसं कोणी करत नाही. चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलसारखे दवाखाने स्वातंत्र्याच्या आधीपासून आपल्या भागात आहेत, पण दवाखाना आहे म्हणजे मंडळीचं कर्तव्य आपोआप झालं असं होत नाही.

दोन गोष्टी टोचतील, तरी सांगते. तापाने फणफणलेलं पोर भगताकडे नेणाऱ्यांना आपण नावं ठेवतो आणि आपल्यातलेच काही असं पोर तीन-तीन दिवस प्रार्थनेला बसवतात. प्रार्थना दवाखान्याकडे निघालेल्या जीपमध्येही करता येते. दुसरं म्हणजे मदतीबरोबर पत्रक नको, उपासनेचं आमंत्रण नको, फोटो नको. आपल्या भागात धर्मांतरावरून वातावरण किती तापलेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. पण कोणाच्या भीतीने हे सांगत नाहीये. पोरासाठी धाय मोकलणाऱ्या आईपुढे अट ठेवणं मला प्रभूच्या रीतीचं वाटत नाही. सेविका आणि आशाताई यांच्या हातूनच सगळं जाऊ द्या, नाव त्यांचं होऊ द्या. निम्म्याहून जास्त ओझं त्याच उचलतात.

नाताळात दौरा काढायचा विचार असेल तर सोडून द्या. दसरा-दिवाळीनंतर निम्मे पाडे ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असतात, लेकरं फडात, आणि तुमचे पुडे मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या हाती पडतील. होळीला माणसं परततात. तेव्हा सेविकेला विचारून फक्त लाल पट्ट्यातल्या मुलांची घरं घ्या, आणि जुलै ते सप्टेंबरचे पैसे त्याआधीच बाजूला काढून ठेवा, कारण घरातलं धान्य तेव्हाच संपतं आणि जुलाबही तेव्हाच लागतात.